खुंटीवरची झोळी

…पितळेची ती कडी अजून हलत होती. अंगठ्याच्या नखाएवढी, झोळीच्या डाव्या बंदाला शिवलेली. सकाळपासून कितव्यांदा कोण जाणे, तिनं ती झोळी खुंटीवरून काढली होती आणि परत अडकवली होती, आणि दर वेळी कोपऱ्यातल्या ब्लँकेटवर पडलेल्या हुल्लडनं मान उचलून पाहिलं होतं, कान टवकारले होते, शेपटी फरशीवर आपटली होती… आणि काहीच होत नाही असं दिसल्यावर हनुवटी पुन्हा पंजांवर टेकली होती. नाही रे बाबा. आज नाही. आज तुझं तू बघायचं.

तशी झोळी म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. हुल्लडच्या खुब्याचं ऑपरेशन झालं – अजून वर्षाचाही नव्हता तो, पण उजवा सांधा जन्मापासूनच बिघडलेला, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढूनच टाकावा लागला – तेव्हा घरी सोडताना जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "एखादा जुना टॉवेल घ्या काकू, पोटाखालून घाला आणि दोन्ही टोकं वर धरा. सुरुवातीला मागचं अंग तेवढं सावरलं की झालं." जुना टॉवेल! उभा जन्म शिवणयंत्रावर काढलेल्या बाईला सांगायची गोष्ट का ही? घरी येताच तिनं गिऱ्हाइकाचा अर्धा शिवलेला कोट बाजूला सारला आणि भुलीच्या गुंगीत घोरत पडलेल्या हुल्लडच्या पोटाचं टेपनं माप घेतलं. आतून मऊ अस्तर, मध्ये कापसाचा थर, कडेनं गोट, मांडीशी चुण्या घातलेल्या म्हणजे टाक्यांना घासायला नको, आणि बंद असे लांब की धरणाऱ्याला वाकावं लागू नये. कापड अंगावर बसलं पाहिजे, लोंबता कामा नये, हे तिच्या हातांना झोपेतही ठाऊक होतं. त्या अर्ध्या कोटाच्या मालकीणबाई, शाळेत शिकवणाऱ्या, चौकशीला आल्या आणि झोळी उलटीसुलटी करून म्हणाल्या, "अहो, माझा कोट असा शिवणार असाल, तर मीसुद्धा चार पायांवर चालायला तयार आहे!" ती हसली. मनातून सुखावलीही होती, खोटं कशाला बोला.

आणि हुल्लड चालला. काय देखणा चालला! मागचं अंग अलगद वर, पुढचे पाय तुरुतुरु, अंगणाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि वरून ती, दोन्ही मुठींत बंद घट्ट धरून, त्याच्या पावलाला पाऊल लावत. संध्याकाळी लेकीचा फोन आला की पहिला प्रश्न तोच – चालतो का? "चालतो म्हणजे काय, मिरवतो!" लेक तिकडे हसायची. दुसऱ्या गावी नोकरीला लागली होती ती, वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहत होती, आणि जिना चढण्याइतका झाला की हुल्लडला घेऊन जाणार होती. कुत्रा तिचाच. आईकडं नुसता सांभाळायला.

काल मात्र डॉक्टरीणबाईंनी टेप काढली. हुबेहूब तिच्या टेपसारखी, पिवळी. आधी डावी मांडी मोजली, मग उजवी, मग पुन्हा उजवी. आणि आकडा न ऐकताही तिला कळलं, कारण कपड्यात बाही लहानमोठी झाली की ती नजरेलाच आधी कळते, टेप नंतर लागते. उजवी मांडी वाळली होती. "पाय टेकतो का?" टेकतो की, दाखवते ना… असं म्हणून तिनं मोठ्या हौसेनं झोळी चढवली आणि त्या खोलीतून त्याला फिरवून आणलं. डॉक्टरीणबाई बघत होत्या. नुसतं म्हणाल्या, "आता हात थोडा खाली करा." तिनं केला. आणि त्या क्षणी हुल्लडनं उजवा पाय पोटाशी घेतला, जणू तो त्याचा नव्हताच.

"काकू, हे तुम्ही चालताय. तो नुसता लटकलाय."

रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या हळू आवाजात, समजावून सांगत होत्या – तिथं आता हाडाचा सांधा नाहीच, नुसतं मांस आहे, त्या मांसालाच सांधा व्हायचंय, आणि भार पडल्याशिवाय ते होणार नाही. पडेल, पडू द्या; रडेल, रडू द्या. पण पुढच्या तपासणीपर्यंत पाय टेकला नाही, तर मांडी आखडेल, आणि मग हा कायमचा तीन पायांचा. झोळी हातात घेऊन त्यांनी तिच्यावरून बोटं फिरवली. "फार सुंदर शिवलीय हो. पण आता टांगा खुंटीला."

बरं. टांगली.

सकाळी ती त्याला नुसत्या गळ्यातल्या दोरीवर अंगणात घेऊन गेली. तो तीन पायांवर उभा राहिला आणि तिच्या तोंडाकडं नाही, तिच्या हातांकडं बघायला लागला. बघत राहिला. हातांना काय झालं होतं कोण जाणे, बोटं आपोआप वळत होती, नसलेले बंद धरत होती. त्यानं एक उडी घेतली, दुसरी घेतली, मागचं अंग घसरलं आणि तो नेमका त्याच खुब्यावर पडून केकाटला… आणि ती खाली वाकलेली होती, हात पोटाखाली गेलेले होते, त्याच्या काळजाची धडधड तिच्या तळव्यात लागत होती. उचललं तिनं. उचललंच. कडेवर घेऊन आत आली आणि ब्लँकेटवर ठेवताना स्वतःशी पुटपुटली, रडू द्या म्हणे! सांगायला त्यांचं काय जातंय?

दुपारी कोटाची बाही लावताना सुई मध्येच थांबली. रडू द्या. असंच, अगदी याच सुरात, कुणीतरी तिला आधीही सांगितलं होतं… शाळेतल्या या कोटाच्या बाईंनीच. त्या तेव्हा लेकीच्या वर्गाला शिकवायच्या. "तिला बोलू द्या हो, तुम्ही नका सांगू." लेक बोलताना अडायची. शब्दाच्या तोंडाशी यायची आणि तिथंच उभी राहायची, मान ताठ, ओठ थरथरत, आणि समोरचा दुकानदार, पाहुणा, जो कोण असेल तो नजर चुकवायचा. मग आईनं बघत बसायचं? मी नाही बसले. मी शब्द पुढं केला. पाणी हवंय का तुला. पेन्सिल संपलीय तिची. पोट दुखतंय म्हणतेय. लेक मान हलवायची – हो, तेच. दर वेळी तेच असायचं. माझी पोर, माझ्या हाताखाली वाढलेली; तिच्या तोंडातला शब्द मला नाही कळणार तर कुणाला?

दर वेळी?

सुई बोटात घुसली. रक्त कोटाला लागू नये म्हणून तिनं बोट तोंडात घातलं आणि तशीच बसून राहिली. हुल्लड घरात आला तेव्हा लेकीनंच त्याचं नाव ठेवलं होतं. 'ह'ला ती अडत नसे, म्हणून असेल. पण नावाचं जाऊ द्या. त्याच्याशी ती कशालाच अडत नसे. दाराआडून ऐकलं होतं तिनं, हातातलं भांडं तसंच धरून – लेक त्या पिल्लाला मांडीवर घेऊन सलग बोलत होती, वाक्यामागून वाक्य, मध्येच चुकत, पुन्हा सुरू करत, तेव्हाच्या कामावरची कुणी मैत्रीण, कसली तरी भीती… आणि पिल्लू तोंडाकडं बघत होतं. तेव्हा तिला जरा वाईटच वाटलं होतं. कुत्र्याशी बोलते, माझ्याशी नाही. आज मात्र शिवणयंत्राशी बसल्या बसल्या तिला वाटलं, त्या पिल्लाला पुढचा शब्द माहीतच नव्हता. एवढंच होतं ते.

छे, काहीतरीच. कुत्र्याचं आणि माणसाचं काय. ती उठली.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी हुल्लडनं पाण्याचं भांडं लवंडलेलं होतं आणि फरशीवर ओले पंजे उमटले होते. ब्लँकेटपर्यंत गेलेले. म्हणजे हा एकटा उठून पाणी प्यायला आला होता, आणि एकटाच परत गेला होता! ती गुडघ्यांवर बसली. पुढचे दोन ठसे स्वच्छ, मागचा डावाही. आणि उजवीकडं, जिथं चौथा असायला हवा, तिथं एक पुसट डाग. बोटांचा? की पोटावरून ठिबकलेलं पाणी? तिनं डोळे बारीक केले, मान तिरकी केली, टेप आणावी असंही वेड्यासारखं मनात येऊन गेलं. तोवर डाग कडांनी सुकत आत आत गेला आणि नाहीसा झाला. हुल्लड ब्लँकेटवरून निवांत बघत होता. "टेकलास का रे?" तिनं विचारलं. खरंच विचारलं, उत्तर आपल्याला ठाऊक नसल्यासारखं.

संध्याकाळी फोन वाजला.

"आई, ह्… हुल्लड चालतो का?"

'ह'लाही अडली आज. मिरवतो हा शब्द जिभेवर आलेला होता. "झोळी काढली आज," ती म्हणाली. "पडला. मी लगेच उचललं. तसं करायचं नव्हतं."

तिकडून लेक म्हणाली, "आई, मला तुला एक सां… सां…"

सांगायचंय. हो ना, सांग की! शब्द तयार होता, मापाचा, दातांच्या आत. तिनं दात मिटले. फोन कानाशी होता. मोकळा हात वर यायला लागला तसा तिनं तो खुर्चीवर स्वतःच्याच मांडीखाली दाबून धरला.

"…सांगायचंय," लेक म्हणाली. दमल्यासारखी. आणि पुढं, "मी इथं…" आणि पुन्हा ते. ती शांतता, जी तिनं इतक्या वर्षांत एकदाही पुरती ऐकलेली नव्हती. आत श्वास होता, धडपड होती, कुणीतरी होतं. कंटाळलेय? एकटी पडलेय? घाबरलेय? की सुखात आहे, आणि ते सांगायला भिते? एकेक शब्द ती लेकीच्या अंगाला लावून बघत होती आणि काढून ठेवत होती. कुठलाच बसत नव्हता. कितीतरी वेळा हललेली लेकीची मान आठवली तिला, हो तेच, हो तेच…

फोनमधला आवाज ओळखून हुल्लड उठला होता. घसरत, सावरत तो खुर्चीपाशी आला आणि उभा राहिला; उजवा पंजा पोटापासून सुटलेला, फरशीच्या जरासा वर. तो तिच्या हाताकडं बघत होता. हात मांडीखाली होता, बधिर व्हायला लागला होता, आणि पुढचा शब्द कोणता ते तिला ठाऊक नव्हतं. खरोखर ठाऊक नव्हतं.

ती ऐकत राहिली.