ड्रायव्हरकडचं दार

काझ वोयतान चाळीस वर्षं डेट्रॉइटच्या कारखान्यात गाड्यांना फवाऱ्यानं रंग मारत होता. कुणाच्या रंगात केसाएवढा दोष असला तरी त्याला लांबून दिसे. आणि त्याची स्वतःची साठ सालची गाडी? कुंपणाचा तपकिरी रंग, तोही ब्रशनं! दिव्याखाली अंधार, दुसरं काय. सगळा मोहल्ला हसला. कारण विचारलं की काझ नुसते खांदे उडवी.

आता काझ ब्याण्णवचा होता आणि त्याची मुलगी डीना अडुसष्टची. खालचा कारखान्याचा फिका हिरवा रंग वर काढायचा आणि शनिवारच्या प्रदर्शनात ‘जशीच्या तशी’ गटात गाडी उभी करायची, असा हट्ट तिनं धरला होता. बाबांच्या गाडीला लोकांनी एकदा तरी हसू नये, एवढंच तिला हवं होतं. या गटात ओरखडे, पोचे सगळं माफ. पण एक जरी ओरखडा बुजवलात की गाडी बाद.

"चिखलात लोळून आल्यासारखी दिसते हो ती, बाबा."

"लोळू दे. वय झालंय तिचं," काझ खारवलेली काकडी चावत म्हणाला.

थिनरची चिंधी तळहाताएवढ्या जागेवर घासायची आणि तपकिरी सुटला रे सुटला की साबणाच्या पाण्यानं पुसायचं. जरा उशीर झाला तर खालचाही रंग जायचा. तीन आठवड्यांत गाडी हिरवी झाली. ड्रायव्हरकडचं दार तेवढं उरलं.

"ते राहू दे, पोरी," काझ एकदम हळू म्हणाला.

ऐकेल ती डीना कसली! तिनं घासलं, पुसलं, आणि हिरव्या रंगात पत्र्यापर्यंत गेलेली वाकडीतिकडी अक्षरं वर आली. तिचंच नाव. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे मी केलं?"

"खिळ्यानं. पाच वर्षांची होतीस. गाडी आणून तीन दिवस झाले होते. आईनं पाहिलं असतं तर सोलून काढलं असतं तुला."

"मग बुजवायचं ना! तुमच्या हातचं तासाभराचं काम!"

"बुजवायचं तर आधी घासावं लागतं. पॉलिश पेपर घेतला होता हातात. पण तू पहिल्यांदाच नाव लिहिलं होतंस गं. घासवेना. फवाऱ्याच्या पातळ रंगातून ते दिसलं असतं, म्हणून ब्रशनं जाड थर दिला. एकटं दार तपकिरी दिसलं असतं तर आईला संशय आला असता, म्हणून सगळ्या गाडीलाच."

"आणि लोक एवढी वर्षं हसले ते?"

"हसू देत. त्यांचं काय जातंय!"

डीनाला हसू येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते.

शनिवारी परीक्षक दारापाशी थबकला. "अरेरे, इतका सुंदर रंग आणि हे असं?"

काझ काठी टेकत उठला. "असले रंग मी दिवसाला चाळीस मारायचो, साहेब," तो म्हणाला. "हे नाव एकच आहे."