पायरीची उंची

“वर की खाली, एवढंच सांग,” ताई म्हणाली. “तुझं गणित नको.”

मी तिच्या घराच्या पायरीवर मोजणीची काठी टेकवून उभा होतो. काठीच्या टोकाला रिसीव्हर होता, दुसरा तसाच रिसीव्हर धरणाच्या भिंतीवर. दोघेही उपग्रहांचं ऐकतात आणि दोन जागांच्या उंचीतला फरक सांगतात. नव्या धरणाचं पाणी कुठवर चढणार ते ठरलेलं होतं. पायरी त्या रेषेखाली भरली तर घर सोडायचं, वर भरली तर राहायचं. सकाळपासून अकरा घरं झाली होती. बारावं माझ्या सख्ख्या बहिणीचं आहे हे साहेबांना माहीत नव्हतं, मीही बोललो नव्हतो.

“वर,” मी म्हणालो. “बारा सेंटिमीटर.”

ताई मटकन खाली बसली. “आकाशातल्या यंत्रालाच माझी दया आली बाई! तुझ्या दाजींनी हातांनी बांधलीय रे ही. उंच बांधा म्हणून मीच त्यांचं डोकं खाल्लं होतं. जाईपर्यंत गुडघ्यांच्या नावाने मला बोलत होते.”

हसत, डोळे पुसत ती चहा टाकायला आत गेली. शेजारणीला फोन करून सांगतानाचा तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

मी काठी मिटायला घेतली, आणि खुणेवर नजर गेली. दोन मीटर.

यंत्र मोजतं ते रिसीव्हरची उंची. जमिनीची हवी तर काठीची लांबी वजा करावी लागते. सकाळपासून काठी एक मीटर ऐंशीवर होती. इथे कुंपणाची भिंत आड येत होती म्हणून मी ती वाढवली आणि यंत्रात आकडा जुनाच ठेवला. म्हणजे वीस सेंटिमीटर फुकटचे. पायरी बारा वर नव्हती, आठ खाली होती. काठी बदलली की आकडा बदला, हे नव्या माणसांना पहिल्या दिवशी मीच शिकवतो. सव्वीस वर्षं झाली.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण पाणी काही आमचे कागद वाचून चढत नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. तसं काही वाटेना. काठी मी मिटली नाही, तशीच ठेवली.

ताई कप घेऊन आली. मी सगळं सांगितलं.

“म्हणजे तू चुकलास?”

“हो.”

“आत्ता चुकतोयस की मघाशी?”

“मघाशी.”

तिने कप कठड्यावर ठेवला. “पुन्हा मोज. काठी मी धरते.”

“ताई, काठी सरळ आहे की नाही ते दाखवणारा काठीवरचा तो बुडबुडा मधोमध राहायला हवा. तीन मिनिटं. हलायचं नाही.”

“माहितीये. धर म्हटलं की धरता येतं मला.”

मी आकडा बदलला. तिने दोन्ही हातांनी काठी धरली आणि बुडबुड्यावर नजर लावली. आत फोन वाजायला लागला. शेजारीण असणार, आनंदाने उलटा फोन करत असेल. ताईने मान वळवली नाही. इतक्या वर्षांत कितीतरी जणांनी मला काठी धरून दिली, इतकी सरळ कुणी धरली नव्हती.

दोन मिनिटांतच आकडा स्थिर झाला. आठ सेंटिमीटर खाली.

“झालं ताई,” मी म्हणालो. “सोड आता.”

“थांब,” ती बुडबुड्यावरची नजर न काढता म्हणाली. “तीन मिनिटं झाली नाहीत अजून.”