मांडीवरचा ‘ट’

नातीच्या बाईंनी निरोप धाडला होता, की शब्दाचा पहिला आवाज विचारला की पोरगी तोंडात मिठाची गुळणी धरून बसते. उद्या पुन्हा वर्गात उत्तर द्यायची तिची पाळी होती आणि तिने शाळेत जाणार नाही असा हट्ट धरला होता.

सून म्हणाली, “बाबा, तुम्हीच बघा आता. पण पाटी काढायची नाही. नुसते आवाज.”

मी साठीत अक्षरं शिकलेला शिंपी. पाटीशिवाय शिकवणं म्हणजे सुईशिवाय शिवणं. तरी मशीन थांबवून मी नातीला म्हणालो, “मी आवाज काढतो, तू दुकानातून त्या आवाजाने सुरू होणारी वस्तू आण. ब!”

“आधी तुम्ही,” ती पुटपुटली. “ट!”

मी गुपचूप मांडीवर बोटाने ‘ट’ काढला, मगच टाचणी उचलली.

“लबाड! तुम्ही लिहून बघता! हात वर!”

हात वर गेले आणि डोकं रिकामं झालं. ती म्हणाली, “द!” मी कात्रीकडे पाहिलं.

“कात्री? अहो आजोबा, द-द-दोरा! समोर तर लोंबतोय. आणि तुमचं ते ब-ब-बटण. एवढंही येत नाही?”

सून डोकावली, माझे वर गेलेले हात पाहून म्हणाली, “बाबा, दरोडा पडला की काय?”

“शू! शिकवतेय मी. फार कच्चे आहेत.”

पुढचे दोन आवाज मी मुद्दाम चुकलो. तिसरा मात्र खरंच चुकला.

“उद्या शाळेत जाशील ना?” मी विचारलं.

तिने उसासा सोडला. “जायलाच हवं. तुमच्यासारख्यांना कसं शिकवायचं, ते बाईंना विचारायचंय.”