दार उघडं, वेग अठ्ठ्याऐंशी

लहानपणापासून थापा मारायचा, म्हणून घरात त्याचं नाव थापाड्या. मोठा होऊन बस चालवायला लागला तरी नाव काही सुटलं नाही. परवा त्याच्या बसची धडक बसून एका म्हाताऱ्याचा पाय मोडला. हा म्हणे, “ताई, माझा वेग पस्तीसच्या वर नव्हता गं.” ताईनं मनात म्हटलं, हो तर, आणि मी महाराणी!

नशीब बघा, ताई त्याच बस कंपनीच्या ऑफिसात, आणि बसमधल्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्राची फाइल वाचायला तिच्याच टेबलावर आली. वेग पन्नासच्या वर निघाला तर ड्रायव्हरची नोकरी गेलीच. हा आपला भाऊ, हे तिनं साहेबांना सांगितलं नाही. आडनाव वेगळं, कोण विचारतंय?

असल्या फाइलीत शब्द नसतात, एकापाठी एक नुसते आकडे. चिठ्ठ्या न लावलेले डबेच म्हणा ना. कशात काय ते साहेबांनी दिलेल्या तक्त्यात होतं: दर सेकंदाचे आठ आकडे, पहिले चार मिळून वेळ, मग वेग, ब्रेक, दार आणि शेवटी इंजिनाचं तापमान. ताईनं त्याबरहुकूम प्रोग्राम लिहिला. धडकेच्या सेकंदाला वेग निघाला अठ्ठ्याऐंशी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवर भावाला नको नको ते बोलली. स्वतःहून लिहून दे, साहेब दया तरी करतील, म्हणाली. तो एवढंच म्हणाला, तुझ्या मशीनमध्ये तसं असेल तर असेल.

फोन ठेवल्यावर तिला हेच खटकलं. थापाड्या इतक्या मुकाट्यानं हार मानतो? मग तिला साहेबांचाच संशय आला. तक्ता त्यांचा, आजच निकाल हवा ही घाईही त्यांचीच. जेवण राहू दिलं आणि तिनं सबंध दिवसाची फाइल उलगडली.

पहिला थांबा. दार उघडं, वेग अठ्ठ्याऐंशी. दुसरा थांबा. दार उघडं, वेग सत्त्याऐंशी. उघड्या दारानं माणसं चढतायत आणि बस सुसाट! इंजिन मात्र दर थांब्यावर शून्य अंश, नुसता बर्फ.

तिनं तक्त्याचा कोपरा पाहिला. तिथं बारीक अक्षरांत लिहिलं होतं: फक्त जुन्या बससाठी. भावाची बस नवी; म्हणजे तिच्यात वेग शेवटी आणि तापमान पाचवं. साहेबांचा कसला कावा न् काय! यंत्राचंही काही चुकलं नव्हतं, ते बिचारं आपण देऊ ते नाव लावून घेतं. कोपरा आधी बघायचा होता तो तिनं. दोन नावांची अदलाबदल केली, तर धडकेच्या वेळी वेग चौतीस.

तिनं लगेच भावाला फोन लावला.

“अरे, चौतीस होता!”

“मी तेच तर सांगत होतो, ताई,” तो म्हणाला. “पण आत्ताच साहेबांकडे लिहून दिलं, वेग अठ्ठ्याऐंशी होता म्हणून. तू म्हणालीस, म्हटलं मलाच आठवत नसेल.”

ताईला रडू फुटलं. तसेच डोळे पुसून तिनं तो तक्ता आणि चौतीसचा नवा कागद उचलला आणि साहेबांच्या केबिनचं दार ढकललं.

“साहेब, तो ड्रायव्हर माझा भाऊ आहे,” ती म्हणाली. “आणि त्याच्या कागदावरची थाप माझी आहे.”