एकोणिसावी टीप

हिशेबआजोबांना प्रश्न विचारला की ते आधी चष्मा काढत, सदऱ्याच्या टोकाने पुसत, परत डोळ्यांवर चढवत आणि मगच बोलत. शिकवणीला येणाऱ्या पोरांना हे पाठ झालं होतं. शिकवणीचे ते पैसे घेत नसत, फक्त पेन्सिली टोकदार हव्यात एवढीच अट. तळमजल्यावरच्या फिटरची नात सहावीत होती आणि इतके प्रश्न विचारायची, की त्यांनी तिचं नाव 'चौकशी खिडकी' ठेवून टाकलं होतं.

"आज खिडकी लवकर उघडली?" दार उघडत ते म्हणाले.

"हो, आणि आज रांग मोठी आहे," असं म्हणत तिने दप्तरातून एक जाडसर निळं पुस्तक काढून टेबलावर आपटलं. "शाळेने सांगितलंय, एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल मिळवा आणि त्यातले दहा शब्द सोपे करून लिहा. आबांच्या हत्यारांच्या पेटीत हा सापडला. तुमच्याच कंपनीचा आहे ना?"

आजोबांना मुखपृष्ठ बघायची गरज नव्हती. तो निळा रंग त्यांनीच निवडला होता. बाटल्यांची झाकणं बनवणारी ती कंपनी बंद पडून सोळा वर्षं झाली होती. ते तिथे मुख्य हिशेबनीस होते आणि तिचे आबा यंत्रांवर फिटर.

"आबांनी सगळीकडे पेन्सिलीने लिहून ठेवलंय," ती म्हणाली. "ऐका. 'विक्री म्हणजे दारातून बाहेर गेलेला माल. त्याचा पैसा आलाच असं नाही.' आणि हे बघा, 'घसारा: बूट रोज थोडे झिजतात. जेवढे झिजले तेवढं त्या वर्षाच्या खर्चात धरायचं.' मस्त आहे! आबांना हे कुणी शिकवलं?"

आजोबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"मी," ते म्हणाले.

प्रत्येक टिपणाखाली एकच तारीख होती, अठरा वर्षांपूर्वीची. त्या दुपारी कंपनीच्या उपाहारगृहातली बाकं एका रांगेत लावली होती. कामगारांना कंपनीचे शेअर घेण्याची संधी मिळणार होती, आणि आधी अहवाल समजावून सांगा, असं कामगारांनीच म्हटलं होतं. मालक म्हणाले, हे काम तुमचंच, तुम्ही सांगितलं की दगडालाही कळतं. आणि खरंच कळलं होतं. शिंप्याने दहा कोट शिवून उधारीवर दिले तर त्याला नफा झाला, पण संध्याकाळी दुकानातून धागा आणायला पैसे आहेत का? तेव्हा नफा वेगळा, रोकड वेगळी. सगळं उपाहारगृह हसलं होतं. पहिल्या बाकावर फिटर मान खाली घालून लिहीत होता.

"सात शब्द झाले," नात म्हणाली. "पण आबांचं लिहिणं पान एकतीसवर संपतं. पुढे नुसतीच कोरी पानं आहेत, म्हणजे छापलेली, पण पेन्सिल नाही. आबा कंटाळले का?"

"नाही गं. मीच तिथे थांबलो."

"का? वेळ संपली?"

वेळ भरपूर होती. पण आदल्या दिवशी मालकांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "शेवटच्या बारीक अक्षरातल्या टिपांपर्यंत जाऊ नका हो. बिचारे उगाच घाबरतील." आणि टिपा बत्तिसाव्या पानापासून सुरू होत होत्या.

उत्तर मिळायच्या आत पोरीने पुढची पानं उलटली होती. बोट ओळींखाली फिरवत ती अडखळत वाचू लागली. "टीप एकोणीस. संभाव्य देणी. कंपनीने भगिनी कंपनीने घेतलेल्या एकतीस कोटींच्या कर्जासाठी हमी दिली असून, सदर देणे उद्भवण्याची शक्यता व्यवस्थापनास दिसत नसल्याने त्याची तरतूद केलेली नाही. बाप रे! आजोबा, सोपं करा."

ही टीप त्यांच्याच हातची होती. तीनदा लिहून तीनदा खोडली होती, दर वेळी आणखी गुळगुळीत करत.

"समज, तुझ्या मैत्रिणीने वाचनालयातून पुस्तक नेलं," ते सावकाश म्हणाले. "आणि तू सही केलीस, की हिने हरवलं तर मी भरून देईन. आज तुझ्या खिशातून काही गेलं नाही. पण मैत्रीण धांदरट निघाली तर?"

"तर माझं कंबरडं मोडलं. म्हणजे जामीन राहणं!"

"जामीन राहणं."

"मग तसंच का नाही लिहिलं? जामीन तर आमच्या आजीलाही कळतं." ती मागे गेली, पुढे आली, पानं चाळत राहिली. दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच तिला शिकवलं होतं, की आकडा एकटा कधी वाचायचा नाही, त्याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवायचा. आता तिने तेच केलं. "सगळी देणी वजा करून कंपनीकडे उरत होते चौदा कोटी. आणि जामीन एकतीस कोटींना? आजोबा, हे तर बुडणारच होतं!"

"बुडेलच असं नव्हतं. बुडू शकत होतं. दोन वर्षांनी ती भगिनी कंपनी, म्हणजे मालकांचीच दुसरी कंपनी, बुडाली आणि तिने हिलाही ओढलं."

"आबांचे पैसे त्यातच गेले ना? दोन लेथ घेऊन स्वतःचं वर्कशॉप काढणार होते, ते?" तिने बोट त्या ओळीवरच ठेवलं. मग तिने अगदी सरळ विचारलं, राग नाही, काही नाही, दहावा शब्द विचारावा तसं. "तुम्ही हे पान आबांना वाचून दाखवलं असतं, तर त्यांना कळलं असतं?"

"पहिल्यांदा त्यालाच कळलं असतं," आजोबा म्हणाले.

त्यांनी तिला उरलेले शब्द लिहायला बसवलं, निळं पुस्तक काखेत मारलं आणि जिना उतरले. अठरा पायऱ्या. इतक्या वर्षांत फिटरने कधी शब्दाने दुखवलं नव्हतं, आणि तेच त्यांना खुपत आलं होतं. उलट तो चारचौघांत म्हणायचा, "साहेबांनी किती समजावलं होतं, आमचंच डोकं कमी पडलं." दर वेळी आजोबा हसून विषय बदलत. पोरीला फुकट शिकवतो, म्हणजे थोडंफार फिटतंय, असा त्यांनी स्वतःशीच हिशेब मांडून ठेवला होता.

फिटर खिडकीपाशी बसून टेबलफॅन खोलत होता. "या साहेब. पोरीने डोकं खाल्लं वाटतं?"

आजोबा बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. मालकांचा खांद्यावरचा हात, बत्तिसावं पान, एकोणिसावी टीप, ती कुणी लिहिली ते. सोपं करून, एकही अवघड शब्द न वापरता.

फिटरने स्क्रू एकेक करून बशीत ठेवले. "तुम्ही किती शेअर घेतले होते?"

"एकही नाही."

"तेव्हा म्हणाला होतात, घराची दुरुस्ती काढलीय."

"दुरुस्ती नव्हती."

फिटरने बशी बाजूला सरकवली. मग फिटरने हात फडक्याला पुसले, कानावरची पेन्सिल काढली आणि पुस्तकासाठी हात पुढे केला. एकोणिसाव्या टिपेचं पान काढून गुडघ्यावर सपाट केलं.

"सांगा," तो म्हणाला. "त्या दिवशी सांगत होतात तसंच."

आजोबांनी सांगितलं. वाचनालय, मैत्रीण, सही. फिटरने ऐकताना वर पाहिलं नाही. मग त्याने समासात लिहिलं: 'दुसऱ्याला जामीन. चौदा असताना एकतीसला.' खाली त्याने तारीख घातली, आजची.

"पोरीला उद्यापासून पाठवायचं की नाही," आजोबा दारातून म्हणाले, "ते तू ठरव."

"ते तिला विचारीन," फिटर म्हणाला. "हे पान तिला वाचायला देऊन मग विचारीन." त्याने पंख्याचं पातं उचललं. सुरुवातीच्या 'या साहेब'नंतर त्याने पुन्हा एकदाही 'साहेब' म्हटलं नव्हतं.