पांढरे खांब

किळस आली मला. तीन आठवडे ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून मी या जुन्या धक्क्याचा एकेक लाकडी खांब हातोडीने ठोकला होता. धडधाकट खांब खणखणीत वाजतो, समुद्री किड्यांनी पोखरलेला बद्द. बद्द वाजला की लाल फुली. मेरी-गो-राउंडखालच्या चोवीस खांबांपैकी अकरांवर फुल्या पडल्या. ते बदलल्याशिवाय घोडे फिरवायचे नाहीत, असं तपासनीस म्हणून मी लेखी दिलं होतं.

आज येऊन बघते तर सगळे खांब पांढरेशुभ्र! फुली एकही नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच वर चढले. आमचे नगराध्यक्ष ब्रॅनिगन एन्झोच्या घोड्यांपाशी शनिवारच्या उद्घाटनाचा नकाशा पसरून उभे होते.

"खांब बदलले?"

"बदलू की, सीझन संपल्यावर. ते लाल फराटे फोटोत कसे दिसले असते, लॉर्ना? सत्तर वर्षं उभा आहे धक्का, नेमका शनिवारीच पडतोय होय? तू सुरक्षेच्या दाखल्यावर सही कर."

लाज कोळून प्यायलेला माणूस!

एन्झो चाळीस वर्षं हे घोडे फिरवतोय. धक्का बंद होता तेव्हाही रोज येऊन त्यांना पॉलिश करायचा. फडकं हातात धरून त्याने विचारलं, "पोरी, खाली सगळं ठीक आहे ना? शनिवारी पहिल्या घोड्यावर माझी नात बसणार आहे."

मी शिडीने खाली उतरले आणि एका पांढऱ्या खांबात स्क्रूड्रायव्हर खुपसला. मुठीपर्यंत आत गेला. आतला काळा, घाण मारणारा लगदा एका मुठीत घेऊन वर आले आणि ब्रॅनिगनच्या उद्घाटनाच्या नकाशावर थापला.

"शी! अगं, हे काय!"

"तुमचा खांब."

लगदा नकाशावर पसरला. लगद्याच्या कडेला पाहुण्यांचा मंडप दिसत होता. एन्झोने चष्मा लावून नीट पाहिलं.

"मंडप धक्क्याबाहेर रस्त्यावर का हो, साहेब? दरवेळी इथे माझ्या घोड्यांपुढेच असायचा."

"इथे वारा फार असतो," ब्रॅनिगन म्हणाले. त्यांना वर बघवेना.

एन्झोने यंत्राची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"मग माझ्या नातीचीही खुर्ची तिथेच मांडा," तो म्हणाला, आणि घोड्यांवर एकेक करून कापड घालायला लागला.