नवसाबाईंचा न झालेला पश्चात्ताप

नवसाबाईंचं बाप्तिस्म्याचं नाव मोनिका. ते नाव चर्चच्या नोंदवहीतच राहिलं. नाशिकरोडच्या चाळीत, मिशनच्या शाळेत, बाजारात त्या नवसाबाईच होत्या. नवरा सावळीराम रेल्वेत होता. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि तो तापाचं निमित्त होऊन गेला. मूलबाळ नव्हतं. मिशनच्या मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या, त्यावर एकटीचं भागत होतं. शिवाय चर्चची कापडं धुवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्याला पगार नव्हता, पण जीव त्यातच जास्त होता.

वेदीवर अंथरायची पांढरी कापडं आणि फादर प्याला पुसायचे ते रुमाल त्या घरी न्यायच्या नाहीत. वेदीमागच्या खोलीत निराळ्या बादलीत धुवायच्या, तांदळाची खळ द्यायच्या, कोळशाच्या इस्त्रीनं घड्या बसवायच्या. पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडाच्या मुळाशी ओतायचं, हे सिस्टरांनी त्यांना लहानपणी बोर्डिंगात शिकवलं होतं. त्या पाण्यात ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे वेदीवर पवित्र केलेल्या पातळ भाकरीचा, एखादा कण असू शकतो, आणि तो कण म्हणजे साक्षात प्रभू. नवसाबाईंनी हे कधी तपासून पाहिलं नाही. पाणी झाडाला घालताना त्या पदर डोक्यावर घ्यायच्या, एवढंच.

एकाहत्तर सालच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, देवळाली कॅम्पाकडे लष्कराच्या गाड्यांची रीघ लागली. चर्चचे फादर ऑस्वाल्ड युरोपातून आलेले, तीस वर्षं इकडे राहिलेले, पोथीतल्यासारखं शुद्ध मराठी बोलणारे. ते रोज सायकल मारत कॅम्पातल्या इस्पितळात जखमी जवानांना भेटायला जायचे. धाकटे फादर आईच्या आजारपणासाठी गावी गेलेले होते.

त्याच आठवड्यात चाळीतल्या चतुराबाईंनी अंथरूण धरलं. चतुराबाई नवसाबाईंची बालमैत्रीण. बोर्डिंगात दोघी एका चटईवर झोपायच्या. डॉक्टरांनी सकाळीच सांगून टाकलं होतं की आता घरच्यांनी जवळ राहावं.

"नवसे," चतुराबाई म्हणाल्या, "फादरला बोलव. प्रभूला घेतल्याबिगर मला जायचं नाय."

चतुराबाईंचा मुलगा भिकन सायकल घेऊन कॅम्पात धावला. दुपारी घामाघूम होऊन परतला.

"मावशी, फादर नाय तिथं. जखमींची गाडी आली म्हणून मनमाडला गेलेत. उद्याच येतील म्हणं."

चतुराबाईंचा श्वास लागला होता. डोळे दाराकडे होते.

नवसाबाई उठल्या आणि चर्चमध्ये गेल्या. आत कुणी नव्हतं. वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात वेदीवरच्या पेटीची किल्ली असते, हे त्यांना ठाऊक होतं. त्या सोनेरी पेटीत ख्रिस्तप्रसाद ठेवलेला असे. ती धर्मगुरूंनीच उघडायची. नवसाबाईंनी तीन वेळा हात धुतले. स्वतः इस्त्री केलेला एक रुमाल घेतला, मेणबत्ती लावली, गुडघे टेकले. किल्ली फिरवताना दोनदा ती निसटली. बोटांचा स्पर्श होऊ नये म्हणून रुमालानंच एक ख्रिस्तप्रसाद उचलला, घडीत ठेवला आणि छातीशी धरला.

भर दुपारी त्या रस्त्यानं चालत निघाल्या. किराणावाल्यानं विचारलं, "बाई, कुठं निघालात एवढ्या घाईनं?" त्यांनी उत्तर दिलं नाही. आपण कुणाला घेऊन चाललोय, हे कळत असताना इतर कुणाशी बोलावं असं त्यांना वाटेना.

चतुराबाईंना अख्खा घास गिळवेना. नवसाबाईंनी तो मोडला. आता बोटं लागलीच. एक कण चमचाभर पाण्याबरोबर त्यांनी मैत्रिणीच्या जिभेवर ठेवला. उरलेला स्वतः घेतला, कारण तो ठेवणार कुठं? चतुराबाईंनी डोळे मिटले. दिवस मावळायच्या आत त्या गेल्या. चेहरा शांत होता, असं भिकन पुढे सगळ्यांना सांगायचा. खरं म्हणजे थकलेला होता. पण दाराकडे बघायचं त्यांनी थांबवलं होतं.

दुसऱ्या दिवशी फादर ऑस्वाल्ड परतले आणि नवसाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. सांगितलं नसतं तर कळलं नसतं. भिकनला वाटलं होतं, चर्चचं काम करणाऱ्या मावशीला अडीनडीला असं द्यायची परवानगी असणार.

फादर खुर्चीवर बसले. दोन दिवस त्यांना झोप नव्हती, कपड्यांना औषधांचा वास येत होता.

"पेटी आपण उघडली?"

"हो फादर."

"आपल्या हातांनी दिलं?"

"हो."

फादरांनी तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "नवसाबाई, आपला हेतू मी जाणतो. परंतु हा अधिकार आपला नव्हता. उद्या प्रत्येक जण आपल्या मनाने पेटी उघडू लागला तर? आपण पश्चात्तापाने पापनिवेदन करा. मी क्षमा देईन, आणि हा विषय इथेच संपेल."

नवसाबाई त्याच संध्याकाळी कन्फेशनच्या जाळीपुढे गुडघे टेकून बसल्या. बाकीची पापं सांगून झाली. मग त्या थांबल्या.

"आणि?" जाळीपलीकडून आवाज आला.

"फादर, ती गोष्ट केली खरी. पण मला तिचं वाईट वाटत नाही."

"वाईट वाटत नसेल तर मी क्षमा कशी देऊ?"

"तेच तर. खोटं कसं बोलू? इथं बसून?"

फादरांनी उसासा टाकला. "मग आपल्याला थांबावं लागेल," ते म्हणाले.

नवसाबाई थांबल्या. पश्चात्तापाशिवाय क्षमा नाही, आणि क्षमेशिवाय कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घ्यायचं नाही, हे त्या सिस्टरांकडून शिकल्या होत्या आणि शिवणाच्या मुलींना त्यांनी शिकवलंही होतं. तो नियम चुकीचा आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. किल्ली नव्या ठिकाणी गेली. कापडं धुवायचं काम आक्काबाईंकडे गेलं. आक्काबाई भल्या होत्या, पण खळ जाड करायच्या. पहिल्या बाकावरून ते दिसायचं, म्हणून नवसाबाई मागच्या बाकावर बसायला लागल्या.

रविवार चुकवला नाही. मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, मराठीत होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. पूर्वी फादर लॅटिनमध्ये म्हणायचे आणि त्यांची पाठ दिसायची. नवसाबाईंना लॅटिनचं अक्षर कळत नसे, पण सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे आहेत, फादरसुद्धा, हे बरं वाटायचं. आता शब्द कळत होते, आणि फादर लोकांकडे तोंड करून उभे राहत होते. कम्युनियनच्या वेळी बाकं ओस पडायची. सगळं चर्च रांगेत. मागच्या बाकावर एकटी बाई बसलेली. ती वेदीवरून सरळ दिसायची.

ईस्टर जवळ आला की फादर ऑस्वाल्ड दारात थांबवून हळूच विचारायचे, "नवसाबाई, तयार आहात?" त्या नकारार्थी मान हलवायच्या. असे तीन ईस्टर गेले. चौथ्याला त्यांनी विचारलं नाही.

लोकांचे तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं, हिनं कुणाला तरी ठेवलंय. कुणी म्हणालं, गुपचूप देवऋषीकडे जाते. मनमाडला भाचीचं लग्न होतं. लग्नाच्या मिस्सात सगळं घर रांगेत गेलं, नवसाबाई बसून राहिल्या. जेवणं झाल्यावर भाऊ पुंजा त्यांना मांडवामागे घेऊन गेला.

"चारचौघांत मान खाली घालायला लावलीस. व्याही विचारतात, बहिणीचं काय. एवढं काय पाप केलंस ते तरी सांग."

"सांगण्यासारखं नाही."

"म्हणजे लोक बोलतात ते खरं?"

त्या मांडवाकडे परत वळल्या. सांगितलं असतं तर नातलगांनी फादरांना नावं ठेवली असती, नाहीतर चतुराबाईच्या मरणाची चर्चा केली असती. दोन्ही त्यांना नको होतं. संध्याकाळच्या पॅसेंजरनं त्या एकट्याच परत आल्या. त्यानंतर पुंजाच्या घरून बोलावणं आलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली फादर ऑस्वाल्डांची बदली झाली, आणि वर्षभरात ते पुण्याला वारल्याची बातमी वेदीवरून वाचून दाखवली. लोकांनी त्यांच्यासाठी नऊ दिवस जपमाळ म्हटली. नवसाबाई एकही दिवस गेल्या नाहीत. घरी बसून उशांना अभ्रे शिवत राहिल्या.

त्र्याऐंशी साली नवे फादर जेरोम आले. संगमनेरकडच्या खेड्यातले, तरुण, मोटारसायकलवरून फिरणारे, गावच्या बोलीत हसून बोलणारे. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं की बिशपांची परवानगी आली आहे, गर्दी फार होते म्हणून आजपासून सिस्टरही ख्रिस्तप्रसाद वाटतील. आजाऱ्यांच्या घरीही त्याच घेऊन जातील. मग शाळेतल्या ठेंगण्या सिस्टर प्याला घेऊन वेदीच्या पायरीवर उभ्या राहिल्या. लोक क्षणभर चुळबुळले आणि रांगेला लागले. सिस्टरांच्या बोटांतून म्हातारे, बाया, पोलीस शिपाई, सगळे घेत होते. आक्काबाईंनीही घेतलं.

नवसाबाई पाहत राहिल्या. बाईचा हात. तोच हात.

मंगळवारी त्या फादर जेरोमांच्या ऑफिसात गेल्या आणि उभ्यानंच सगळी हकीकत सांगितली. फादरांनी ऐकलं आणि मोठ्यानं हसले.

"अहो बाई, एवढंच? आता ते पाप राहिलेलंच नाही. उलट मी तुम्हालाच त्या कामाला लावतो. या रविवारी खुशाल कम्युनियनला या."

"आता राहिलं नाही?"

"नाही ना. नियम बदललाय."

"मग बारा वर्षं?"

फादरांचं हसू ओसरलं. ते काही बोलणार एवढ्यात नवसाबाई बाहेर पडल्या. फादर ऑस्वाल्डांनी त्यांना रांगेबाहेर ठेवलं, पण ते हसले नव्हते. ती गोष्ट केवढी मोठी आहे हे त्या दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक आता मातीत होता. त्या रविवारी, बारा वर्षांत पहिल्यांदाच, नवसाबाई चर्चला गेल्या नाहीत.

बुधवारी दुपारी मोटारसायकल चाळीपाशी थांबली. फादर जेरोम वाकून दारातून आत आले.

"बाई, मी चुकलो. हसायला नको होतं." ते पाटावर बसले. "मला त्या दिवसाचं सांगा. नीट सांगा. मला घाई नाही."

नवसाबाईंनी चहा ठेवला आणि सांगायला लागल्या. काळे कागद, भिकनची सायकल, निसटणारी किल्ली, किराणावाला. चतुराबाईंचं दाराकडे बघणं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून पहिल्यांदा शब्द अडखळले, मग थांबेनात. चहा उकळून उकळून काळा झाला.

"ते पाप होतं का, फादर? तेव्हा?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "फादर ऑस्वाल्डांना त्यांच्या हातातला नियम पाळायचा होता. तुम्हाला मैत्रिणीला तसं जाऊ द्यायचं नव्हतं. मी तिथं असतो तर काय केलं असतं, तेही मला सांगता येत नाही."

हे उत्तर नवसाबाईंना पटलं. त्यात शहाणपण मिरवलेलं नव्हतं.

"मग माझं कन्फेशन ऐका," त्या म्हणाल्या. "पण त्याचं नाही. फादर वारले, तेव्हा मी त्यांच्यासाठी एक 'नमो मरिया'ची प्रार्थना म्हटली नाही. मनात म्हणाले, आता कळेल त्यांना वर, कोण बरोबर होतं ते. चार वर्षं मी हे मनात धरून बसले. एकटी बसायची, तर वाटायचं, सगळ्या चर्चमध्ये खरी मीच आहे. याचं मात्र मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं."

त्या रडल्या. स्टोव्हच्या शेजारी बसूनच फादरांनी हात उचलला आणि क्षमेचे शब्द म्हटले. नवसाबाईंनी डोळे पुसले, काळा चहा ओतून टाकला आणि नवा ठेवला.

पुढच्या रविवारी त्या उठल्या. रांगेत सगळ्यांच्या शेवटी. बायका माना वळवून पाहत होत्या. त्यांनी फादरांकडूनच, जुन्या पद्धतीनं, जिभेवर घेतलं. वाटलं होतं, हुंदका येईल, काहीतरी भरून येईल. तसं काही झालं नाही. जिभेवर तीच जुनी कोरडी चव, आणि पाय दुखत होते.

आजाऱ्यांकडे जायचं काम फादरांनी देऊ केलं, त्यांनी नको म्हटलं. "ते एकदाच करायचं होतं," म्हणाल्या.

पुढे काही रविवार गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. त्या बारा वर्षांत सगळे रांगेला गेले की चर्चची बाकं रिकामी व्हायची, आणि त्या पाच-सात मिनिटांत त्या प्रभूशी बोलायच्या. कधी भांडायच्या. कधी आठवडाभराचं काहीबाही सांगायच्या: दूध महागलं, सुईत दोरा ओवता येत नाही. तेव्हा तो अगदी शेजारी बसलेला असायचा, जणू त्यालाही कुणी बोलावलं नव्हतं. आता रांगेत पुढच्या बाईच्या अंबाड्याकडे बघत उभं राहावं लागे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं माणूसही नव्हतं.

त्याच सुमारास डाव्या खांबाशी एक तरुण बाई बसू लागली. नाव लताबाई, कुठल्याशा शाळेत शिक्षिका. तिनं एका बौद्ध कारकुनाशी कोर्टात लग्न केलं होतं, चर्चच्या परवानगीशिवाय, म्हणून तिला कम्युनियन घेता येत नव्हतं. रांग लागली की ती मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधत राहायची. नवसाबाईंनी तीन रविवार ते शोधणं पाहिलं.

चौथ्या रविवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन त्या परत आल्या, पण आपल्या बाकाकडे वळल्या नाहीत. खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या. लताबाईनं दचकून वर पाहिलं.

"मावशी, तुमची जागा तिकडं आहे ना?"

"हो," नवसाबाई म्हणाल्या. "सरक जरा."

ती सरकली. नवसाबाई गुडघे सांभाळत बसल्या, डोळे मिटून घेतले. रांग अजून बरीच लांब होती.